सहा तावदानांचा समुद्र

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.४०

जाग आली ती एका आवाजानं. आवाज आजचा नाही, साठ वर्षांपूर्वीचा. चौथीच्या वर्गात माझ्या बाकाशेजारच्या खिडकीचं एक तावदान सैल होतं. एरवी गप्प असायचं. पण सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायला लागला की ते थरथरायचं आणि त्यातून बारीक, गोड झींऽऽ असा सूर निघायचा. भूगोलाला कधी निघाला नाही. पाढ्यांनाही नाही. फक्त कवितेला. काचेला काव्य कळतं हे मला तेव्हाच समजलं. बाकीच्यांना अजून समजायचं आहे.

आज नवी वही काढली, कारण आजपासून दोन आघाड्या. एक धंदा, दुसरी मुलं.

लेक काल संध्याकाळच्या गाडीनं ट्रेनिंगला गेली. तीन आठवडे. ते संपलं की तिची वर्षभरासाठी परगावी बदली. जावई जहाजावर, ऑगस्टपर्यंत पाण्यात. तेव्हा वर्षभर मुलांनी राहायचं कुठे, असा प्रश्न आहे. माझ्याकडे, नाहीतर विहीणबाईंकडे. विहीणबाई म्हणजे लेकीच्या सासूबाई. निवृत्त मेट्रन. बसनं पाच तासांवर राहतात आणि घरातल्या चपलासुद्धा उंचीप्रमाणे लावतात. लेक म्हणाली, बाबा, हे तीन आठवडे बघू या कसं जमतंय. मी म्हटलं, त्यात बघायचं काय. ती म्हणाली, तेच, बघू या.

मला स्वतःला काहीच फरक पडत नाही. मुलांच्या हिताचं म्हणून बोलतो, एवढंच.

थोरली नऊ वर्षांची. तिला मी मुकादम म्हणतो, कारण उभी राहिली की एक हात कमरेवर असतो. धाकटा पाचाचा, टिंब. सगळ्यांच्या मागून येतो आणि आला की विषय संपतो.

संकल्प: साडेपाचला उठणे. सहाला मुलांकडून एक कविता पाठ, ताल धरून. सात ते बारा काचकाम. बाराला टिंबला शाळेतून आणणे. मधल्या वेळात स्वयंपाक होईलच.

५.५५. मुलांना हाका मारल्या. टिंबनं डोळा न उघडता विचारलं, आग लागली का? कविता उद्यापासून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्डर आली. म्हणजे काचा आल्या. काचवाल्यानं सहा तावदानं आणून भिंतीला टेकवली आणि म्हणाला, काका, जपून, घरात पोरं आहेत. मी म्हटलं, माझी पोरं आहेत. तो टिंबकडे बघत गेला.

गिऱ्हाईक म्हणजे दाताचे डॉक्टर. दवाखान्यात लहान मुलांसाठी वेगळी खोली काढतायत. मुलं खुर्चीला घाबरतात, म्हणून समोरच्या खिडकीत समुद्र हवा. मासे, ऑक्टोपस, कासव. सहा तावदानं, प्रत्येक दोन फूट बाय दीड. पंधराला द्यायची, सतराला खोली सुरू.

धंद्याला दीड वर्ष झालं. आजवरची कामं: एक दिवा (वरच्या मजल्यावर, भेट), दोन नावाच्या पाट्या (पैकी एक माझी). पण कार्ड छापलेली आहेत, दोनशे. चौतीस वर्षं इंजिनियरांच्या ऑफिसात नकाशे ट्रेस केले. हात अजून हलत नाही. ऑफिसात म्हणायचे, पूल पडेल पण याची रेघ पडणार नाही. एक पूल पडलाही. त्यात माझा संबंध नव्हता.

आमटी करपली. मुलांनी पाव खाल्ला. पावात सत्त्व असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक छोटीशी गोष्ट झाली. लेकीला कळवण्याइतकी नाही.

काचेवर आधी काळी रेघ काढायची असते. ट्यूब दाबत दाबत, उठावाची, म्हणजे तिच्या कुंपणात नंतर रंग ओतता येतो. ही रेघ मध्येच सोडली की गाठ पडते. ऑक्टोपसचा सहावा हात चालला होता. सहावा संपवून सातवा, आणि सातवा संपवून आठवा अर्धा ठेवणं बरं दिसेना. तेवढ्यात सव्वा वाजला.

शाळेतून फोन आले होते म्हणे, पाच. फोन फडक्याखाली. शेवटी बाईंनी मुकादमला वर्गातून बोलावून टिंबला तिच्या हवाली केलं. दोघं चालत आली. रस्ता तसा सरळ आहे. दोनच चौक.

मी दार उघडलं तेव्हा टिंबच्या गालांवर वाळलेल्या रेघा होत्या. मुकादमनं आधी त्याचं दप्तर उतरवलं. त्याचे बूट काढले, त्याला पाणी दिलं, मग माझा फोन मागितला आणि त्यात बाराचा गजर लावला. मी म्हटलं, शाब्बास. स्वावलंबन हे शिकवून येत नाही, तशी संधी द्यावी लागते.

संध्याकाळी लेकीचा फोन. मी म्हटलं, सगळं उत्तम. मग मुकादम फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बोलत होती. लहान वयात एवढं कौतुक तोंडावर करवत नाही, म्हणून दार लावते.

८ फेब्रुवारी, शनिवार

रंग भरायला घेतले. गडद निळा, स्पिरिटचा, माझा आवडता. उन्हात धरला की अंगावर शहारा येतो. टिंबला खोकला आला.

खिडक्या उघडल्या. तरी खोकला. संध्याकाळपर्यंत तो कुकरच्या शिट्टीसारखा वाजायला लागला. मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाली, आजोबा, रंग की टिंब, एक काय ते ठरवा.

दोन मिनिटांत ठरवलं. यालाच व्यवस्थापन म्हणतात. निळ्या बाटल्या गॅलरीत, आणि काचवाल्याकडून पाण्याचे रंग. वास नाही, पोर हसतंय, हातावरचा रंग नुसत्या पाण्यानं निघतो. इतक्या दिवसांत हे मला का सुचलं नाही, कळत नाही.

प्रत्येक बाटलीबरोबर एक घडीचा कागद होता. अक्षर मुंगीचं. मुकादमनं मोठ्यानं वाचून दाखवला. रंग पक्का होण्यासाठी वाळल्यावर काच चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये भाजावी. मी म्हटलं, मी चित्रकार आहे, मी काय बेकरी उघडली आहे? ती म्हणाली, आपल्या ओव्हनमध्ये केकचा डबासुद्धा तिरका जातो. मी म्हटलं, मग प्रश्न मिटला. सूचना नवशिक्यांसाठी असतात.

९ फेब्रुवारी, रविवार

ओला रंग पळतो. म्हणून काच वाळेपर्यंत आडवी, सपाट, चोवीस तास. घरात सपाट जागा किती असतात हे माणसाला असा धंदा केल्याशिवाय कळत नाही. जेवणाचं टेबल: कासव. माझा पलंग: ऑक्टोपस. मुलांचा पलंग: दोन तावदानं मासे. अभ्यासाचं टेबल: समुद्रतळ. इस्त्रीच्या टेबलावर लाटा.

आम्ही तिघं जमिनीवर. मी मुलांना सांगितलं, ही छावणी आहे. टिंब खूष. मुकादम गृहपाठ जिन्यात बसून करते, तिथे उजेड चांगला आहे. वरचे बँकवाले तिला ओलांडून गेले आणि मला म्हणाले, घरात पाहुणे आलेत का फार? मी म्हटलं, मासे आलेत. ते हसले नाहीत. बँकेत राहून माणूस कोरडा होतो.

दुपारी भात आणि उकडलेली अंडी, जमिनीवर, तीन ताटल्या. ही गेल्यापासून या घरात एकच ताटली निघत होती, तीही उभ्याउभ्या. टिंबनं अंड्याचा पिवळा माझ्या ताटलीत ढकलला आणि म्हणाला, हा सूर्य तुम्ही घ्या. किती तरी वेळ मी तो खाल्लाच नाही. वारा लागून गार झाला.

असो. यात धंद्यासंबंधी काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कवितेचा वर्ग एकदाचा भरला. संध्याकाळी सात. मी डब्यावर ताल धरून लघुगुरू समजावले. लघुला टिचकी, गुरूला थाप. टिंब तिसऱ्या चरणात झोपला. मुकादमनं विचारलं, हे परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर ती उठून भांडी घासायला गेली. आजच्या शिक्षणपद्धतीबद्दल एकदा सविस्तर लिहायचं आहे.

दवाखान्यासाठी दोन ओळी मात्र जमल्या:

मासे पोहती निळ्या जळात,
हासू फुलू द्या शुभ्र दातांत.

दुसऱ्या ओळीत एक मात्रा सांडते. पण मासा हलता आहे, सांडणारच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टिंबनं ओल्या कासवावर पंजा उमटवला. पाचही बोटं. मी जोरात ओरडलो. तो ओरडला नाही, नुसता भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हात पाठीमागे लपवला. हाताचा निळा रंग भिंतीला लागला.

मग मी त्या पंजाभोवती काळी रेघ फिरवली. तारामासा झाला. टिंबला दाखवला. तो म्हणाला, हा मी आहे? मी म्हटलं, तू आहेस, डॉक्टरांच्या खिडकीत कायमचा. तो मुकादमला सांगायला जिन्यात पळाला.

संकल्प: ओरडणे बंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विजय. काचवाल्याच्या टेंपोतून सहाही तावदानं दवाखान्यात गेली, त्यानंच बसवली. ऊन आलं आणि जमिनीवर समुद्र पडला. डॉक्टर बोलले नाहीत, आणि दातांचे डॉक्टर सहसा बोलतात. मग म्हणाले, काका, हे फार वेगळं आहे. तारामाशाजवळ जास्त वेळ थांबले. अजून चार दवाखान्यांत सांगतो म्हणाले. मी दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, पेशंट बसलाय.

घरी येऊन लेकीला फोन. म्हटलं, धंदा आणि मुलं, दोन्ही कसं हातासरशी झालं बघ. ती म्हणाली, ऐकून बरं वाटलं, बाबा. मग विचारलं, गॅसचं काय झालं होतं परवा? मी म्हटलं, कुठला गॅस? ती म्हणाली, काही नाही.

पलंग मोकळे झाले. मुलं जमिनीवरच झोपली, सवय लागली म्हणून. मीही.

आता ठरलं म्हणायला हरकत नाही. वर्षभराची व्यवस्था मनात मांडून ठेवली. टिंबला जूनपर्यंत तीन वृत्तं. मुकादमला ट्रेसिंग शिकवणे. उन्हाळ्यात त्यांच्या खोलीच्या खिडकीवर मोर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेनऊला डॉक्टरांचा फोन. आवाज फार मऊ होता, इंजेक्शनच्या आधी असतो तसा. काका, जरा येऊन जाता का?

काल संध्याकाळी खोली बंद करताना सफाईच्या बाईंनी रोजच्यासारखी खिडकी ओल्या फडक्यानं पुसली. निळा फडक्यावर आला, म्हणून घाबरून अजून पाणी घेतलं. मग हिरवा आला. त्या पुसत गेल्या, समुद्र बादलीत जात गेला.

मी गेलो तेव्हा बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, दादा, माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो, मला वाटलं धूळच निळी आहे. मी म्हटलं, बाई, तुमची काही चूक नाही. आणि नव्हतीच.

खिडकीत नुसत्या काळ्या रेघा उरल्या होत्या. सहाही तावदानांवर, सगळ्या जागच्या जागी. ऑक्टोपसचे आठ हात, एक गाठ नाही. खिडकीपलीकडे पार्किंग दिसत होतं. कासवाच्या पोटात एक स्कूटर होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, आजकाल असंही चालतं, रेखाचित्र. ते म्हणाले, सकाळी एक मुलगी बघून रडली, माशांचे सांगाडे आहेत म्हणाली. पुढच्या सोमवारपर्यंत रंग भरून द्या, नाहीतर मी पडदे लावतो. बाकी दवाखान्यांचं बोलले नाहीत. मीही काढलं नाही.

टेंपो. सहा तावदानं परत घरात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विचार केला. जो रंग टिकतो तो टिंबला सोसत नाही. जो टिंबला सोसतो तो टिकत नाही. वहीत लिहिल्यावर सुटेल असं वाटलं होतं. ऐकायला मात्र बरं लागतं, आर्येत बसवता येईल.

तोडगा: स्पिरिटचा रंग गॅलरीत वापरायचा, गॅलरीचं दार बंद, मुलं आत. उत्तम.

गॅलरीत एका वेळी एकच काच मावते, आणि मी. मी बसलो तर काच मावत नाही, काच असली तर मला बसता येत नाही. दोन तास ओणवा. कंबर धरली. दार आतून मुकादमनं लावून घेतलं होतं, वास येऊ नये म्हणून. उघडायला विसरली नाही, शाळेत गेली होती.

बाराचा गजर वाजला. फोन आत होता. ऐकू येत होता.

वरच्या बँकवाल्यांना हाका मारल्या. त्यांनी वरून विचारलं, मासे का? मग ते जाऊन टिंबला घेऊन आले आणि शेजारी ठेवलेली आमची किल्ली आणून मला सोडवलं. माणूस वाटतो तितका कोरडा नाही. टिंबनं त्यांचं बोट सोडून माझं धरलं आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही हरवला होता का?

संध्याकाळी लेकीचा फोन. तिला सगळं कळलं होतं, कसं ते ठाऊक नाही. रागावली नाही. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. म्हणाली, बाबा, तुम्ही दमला असाल. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, मी करते काहीतरी. म्हणजे काय, असं मी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलांचे कपडे घड्या करून ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. पाच तासांच्या बसला टिंबला उलटी होते, म्हणून वर एक पिशवी ठेवली. मग सगळं परत कपाटात टाकलं. अजून काही ठरलेलं नाही.

घडी घालताना मुकादमची एक वही सापडली. उघडीच होती. वरच्या ओळीला रेघ मारून लिहिलं होतं, रोजची कामं. खाली: आजोबांचा गॅस बघणे. आजोबांचे चष्मे दोन, मोजणे. आजोबांना दुपारी जेवलात का विचारणे, हो म्हणाले तरी ताटली बघणे. टिंबचे बूट. आईला खरं सांगणे पण आजोबा ओरडा खातील असं नाही.

अक्षर फार सुरेख आहे. काना, वेलांटी सगळं जिथल्या तिथे. हे ट्रेसिंगचं रक्त.

वही होती तशी ठेवली.

दुपारी जेवलो आणि ताटली ओट्यावर दिसेल अशी ठेवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन तावदानं झाली. निळा असा, की बघतच राहावं. वाळत असताना गॅलरीत वारा आला आणि कासवाला धुळीची लव आली. आता ते मांजर वाटतं. उरलेली चार पुन्हा पलंगावर, टेबलावर. सोमवार परवाच्या पलीकडे.

डॉक्टरांना फोन करून सांगावं का, की नाही जमत? फोन हातात घेतला. मग मला दोन नव्या ओळी सुचल्या होत्या, त्याच त्यांना सांगाव्या असं ठरवलं. मग तेही नाही केलं.

टिंबनं विचारलं, तारामासा परत काढणार ना? त्यासाठी त्याचा पंजा हवा, आणि त्या रंगानं त्याला खोकला येतो. मी म्हटलं, बघू या. लेकीचा शब्द माझ्या तोंडून आला.

मुकादमला विचारलं, विहीणबाईंकडे, म्हणजे तुझ्या दुसऱ्या आजीकडे, तुला आवडतं का गं? ती म्हणाली, तिथे सगळं वेळेवर होतं. मग म्हणाली, पण तिथे काम काही नसतं.

याचा अर्थ नीट लागला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.१५

बेल वाजली. डॉक्टर असणार, काम कुठवर आलं बघायला. मी शर्ट बदलला, मनात एक परिच्छेद जुळवला: कलेला घाई सोसत नाही वगैरे. निळे हात पाठीमागे घेतले आणि दार उघडलं.

दारात विहीणबाई. दोन बॅगा, एक कुकर आणि घडीची खाट. लेक उद्या येणार, या आज, आणि मला कुणाचा निरोप नाही. खाट का, तर मुकादमनं फोनवर सांगितलं म्हणे, की इथे पलंगांवर मासे झोपतात.

मी विचारलं, मुलांना न्यायला आलात का? त्या म्हणाल्या, न्यायची कुठली, पोरगी आईला म्हणाली, आम्ही इथून हलणार नाही, मेलो तरी नाही. सूनबाईनं काल मला फोन केला. वर्षभर मीच इथे येऊन राहते, असं ठरलं. तुम्हाला चालेल ना, असंही विचारलं, पण बॅग आत सरकवून.

हलणार नाही. म्हणजे मी जिंकलो. मला जरा चौकट धरावी लागली, दोन तास ओणवा राहिल्यामुळे. चौकटीला निळा लागला.

विहीणबाईंना आत घेतलं. बॅग ठेवायला एकही जागा मोकळी नव्हती, म्हणून त्या ती हातातच धरून उभ्या राहिल्या. अनुभवी माणसानं नव्या माणसाला चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून मी समजावलं, की विहीणबाई, दोन मुलं सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही.

त्या म्हणाल्या, दोन कुठली? सूनबाईनं मला तीन सांगितलीत.

मी मागे वळून पाहिलं. मुकादम उभी होती, टिंब उभा होता. तिसरं कुणी दिसलं नाही.